स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर चरईतल्या माणसानं मत का द्यावं?

चरईकर (धागालेखक)

१८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडनं युनायटेड किंगडममधून बाहेर पडून स्वतंत्र देश व्हावं का, यावर सार्वमत झालं. त्यातलं एक मत माझं आहे.

कंपनीनं तेव्हा मला एडिंबरात एका बँकेच्या कामावर पाठवलं होतं. पासपोर्ट भारताचा, रेशनकार्ड ठाण्यातल्या चरईचं. मतदार नोंदणीचा कागद दारात पडला तेव्हा वाटलं, आधीच्या भाडेकरूचा असेल. तसं नव्हतं. नियम असा होता की स्कॉटलंडमध्ये राहणारे ब्रिटिश, आयरिश, युरोपीय संघाचे आणि राष्ट्रकुल देशांचे नागरिक मत देऊ शकतात, वय १६ पूर्ण हवं. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून मी पात्र. आणि शॉन कॉनरी? जन्म एडिंबराचा, हातावर स्कॉटलंडचं नाव गोंदलेलं, कित्येक वर्षं स्वातंत्र्याचा उघड पाठीराखा. पण राहायला बहामात, म्हणून त्याला मत नाही. टेनिसवाला अँडी मरे इंग्लंडमध्ये सरेला राहायचा, त्यालाही नाही.

गेल्या आठवड्यात राम मारुती रोडवर शाळेतले मित्र जमलो होतो, तिथे हा विषय निघाला. एकानं तोंडावर विचारलं, "तुला काय अधिकार होता रे?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. इथे प्रयत्न करतो.

थोडी पार्श्वभूमी. १६०३ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंडचा राजा एक, संसदा मात्र दोन. १६९८ च्या सुमारास स्कॉटलंडनं पनामाच्या किनाऱ्यावर डेरिएन इथे वसाहत काढायचा घाट घातला. सरदारांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांनी पैसे घातले. तापानं माणसं मेली, स्पॅनिशांनी उरलेल्यांना हुसकावलं, पैसा बुडाला. पुढे १७०७ च्या करारात इंग्लंडनं सुमारे ३,९८,००० पौंड दिले आणि त्यातला बराचसा भाग याच बुडालेल्या भागधारकांच्या भरपाईसाठी होता. स्कॉटलंडची संसद गेली. सामान्य माणसाला तेव्हा कुणी विचारलं नाही. रस्त्यावर दंगे झाले, करार मात्र झाला.

२०१४ ला पहिल्यांदा विचारलं. निकाल: नको ५५.३ टक्के, हवं ४४.७ टक्के. मतदान ८४.६ टक्के.

माझं म्हणणं इतकंच की स्वातंत्र्य हवं की नको हा प्रश्न नंतरचा. त्याआधी कुणाला विचारायचं हे ठरतं, आणि पुष्कळदा निकाल तिथेच लागून जातो. तुम्हाला काय वाटतं?

ट्रान्सहार्बर

रुमाल टाकून ठेवतो. पण आधी हे सांगा, मत कुणाला दिलंत? ते सोडून बाकी सगळं सांगितलंत.

मृण्मयी_ऐरोली

वाचतेय. १६ वर्षांच्या मुलांना मत हे माहीतच नव्हतं. माझा मुलगा सोळाचा आहे. त्याला दोन टी-शर्टमधला एक निवडता येत नाही, देश कुठून निवडणार!

कोर्टनाका

चांगला धागा. कायद्याची बाजू थोडी भरतो. २०१४ चं सार्वमत नुसतं भावनेवर झालेलं नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरन आणि स्कॉटलंड सरकारचे प्रमुख अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी एडिंबरात करार केला. लंडनच्या संसदेनं तात्पुरता अधिकार एडिंबराच्या संसदेला (ती १९९९ पासून पुन्हा आहे) दिला, प्रश्नाची भाषा निवडणूक आयोगानं तपासली आणि निकाल दोघंही मानतील असं आधीच ठरलं. मूळ मसुद्यात ‘स्कॉटलंड स्वतंत्र व्हावं याला तुम्ही सहमत आहात का’ असा प्रश्न होता. ‘सहमत’ म्हटलं की माणूस होकाराकडे झुकतो, म्हणून आयोगानं तो शब्द काढायला लावला.

स्पेनमधल्या कॅटलोनियात १ ऑक्टोबर २०१७ ला यातलं काहीच नव्हतं. स्पेनची राज्यघटना देशाला अविभाज्य म्हणते, माद्रिदनं परवानगी नाकारली, मतदान केंद्रांवर पोलीस घुसले, विरोधातले लोक बहुसंख्येनं घरीच बसले. ‘हो’ नव्वद टक्के पडले तरी त्याचा उपयोग शून्य. २०१९ ला नऊ नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा झाल्या, पुढे माफी मिळाली, ते वेगळं.

म्हणजे चरईकर, तुमच्या ‘कुणाला विचारायचं’ याच्याही आधी ‘विचारायला परवानगी कुणाची’ हा मुद्दा येतो.

नौपाड्याचे_अप्पा

धागालेखकास सविनय विचारतो. आपण दोन वर्षांसाठी गेलेला पाहुणा. काम संपलं की परत येणार हे ठरलेलं. तीनशे सात वर्षांचं नातं तोडायचं की ठेवायचं, हे आपण ठरवलंत. त्याचे परिणाम भोगायला आपण तिथे नाही. ज्यांच्या आज्या-पणज्या त्या मातीत गेल्या त्यांच्या मताइतकीच आपल्या मताची किंमत? मला हे पटत नाही. नियमात बसतं म्हणून सगळं योग्य होत नाही.

चरईकर

@ट्रान्सहार्बर, ‘नको’ला दिलं. कारण फार उदात्त नाही. मतदानाच्या आठवडाभर आधी मोठ्या बँका सांगू लागल्या की निकाल ‘हो’ आला तर नोंदणीकृत कार्यालय लंडनला हलवू. माझं काम बँकेचं. अप्पांना आणखी एक बाण मिळाला, कल्पना आहे.

@अप्पा, तुमचा राग समजतो. पण हा नियम लंडननं लादलेला नव्हता. ज्यांना स्वातंत्र्य हवं होतं त्या सॅमंड यांच्या पक्षाच्याच सरकारनं तो मांडला. जो इथे राहतो, कर भरतो, ज्याची मुलं इथल्या शाळेत जातात तो इथला, अशी त्यांची भूमिका. रक्त बघायचं नाही, पत्ता बघायचा. आणि हे त्यांनी नुकसान सोसून केलं. एडिंबरा विद्यापीठाच्या लोकांनी नंतर सर्वेक्षण केलं, त्यात स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त ‘हो’ म्हणाले होते. इंग्लंड-वेल्समधून येऊन राहिलेले मोठ्या प्रमाणात ‘नको’, आणि माझ्यासारख्या परदेशातून आलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त ‘नको’.

नौपाड्याचे_अप्पा

म्हणजे तुम्हीच कबूल करताय! घरच्यांनी हो म्हटलं आणि पाहुण्यांनी नको म्हणून पाडलं.

आकडेमोड

अप्पा, जरा थांबा. सर्वेक्षण ते सर्वेक्षण, त्यात चूक धरावी लागते. प्रत्यक्ष फरक ३,८३,९३७ मतांचा होता. ‘नको’ २०,०१,९२६, ‘हो’ १६,१७,९८९. सगळ्या परदेशी नागरिकांची नावं यादीतून काढली तरी हा फरक भरून निघणं अवघड. इंग्लंडहून आलेल्यांची पण काढायची असतील तर मग ‘पाहुणा’ कुणाला म्हणायचं ते आधी ठरवा. तीस वर्षं ग्लासगोत दवाखाना चालवणारा लीड्सचा डॉक्टर पाहुणा?

माझा खरा आक्षेप पैशाच्या बाजूनं आहे. ‘हो’वाल्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये ६७० पानांचा आराखडा काढला आणि त्यात चलन म्हणून पौंडच धरला. लंडनच्या बँकेशी चलनसंघ करू म्हणे. फेब्रुवारी २०१४ ला अर्थमंत्री ऑस्बर्न यांनी साफ सांगितलं, मिळणार नाही. दुसऱ्या दोन मोठ्या पक्षांनीही तेच सांगितलं. मग तुमचं चलन कोणतं, या प्रश्नावर सॅमंड शेवटपर्यंत अडखळत राहिले. तेलाचंही तसंच. त्या उन्हाळ्यात पिंप शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली. स्वतंत्र झाले असते तर पहिलाच अर्थसंकल्प कोसळला असता.

वाटण्या कशा कराव्यात हे चेकोस्लोवाकियाकडून शिकावं. १ जानेवारी १९९३ ला दोन देश झाले. लोकसंख्या साधारण दोनास एक, म्हणून मालमत्ताही दोनास एक: सैन्याचं सामान, वकिलाती, सगळं. चलन मात्र काही काळ सामायिक ठेवायचं ठरलं. ते सहा आठवडेही टिकलं नाही. ८ फेब्रुवारीला दोन्ही देशांनी जुन्याच नोटांवर आपापले चिकट शिक्के लावले आणि वेगळी चलनं सुरू केली. ज्याचा शिक्का त्याची नोट. बँकेतल्या माणसाला असल्या गोष्टी वाचायला मजा येते, काय करणार.

कोर्टनाका

आणि तिथे सार्वमत झालंच नाही! पाहण्यांमध्ये दोन्हीकडचे बहुसंख्य लोक फाळणीच्या विरोधात होते. चेक बाजूचे क्लाउस आणि स्लोवाक बाजूचे मेचियार या दोन नेत्यांनी बर्नोच्या एका बंगल्यात बसून ठरवलं. न विचारता केलेली ही फाळणी रक्ताचा थेंब न सांडता पार पडली. तुमच्या सिद्धांताला मोठाच खड्डा आहे हा, चरईकर.

ट्रान्सहार्बर

माझ्याकडून एक आकडा. नॉर्वे १९०५, स्वीडनपासून वेगळं व्हायचं का? हो ३,६८,२०८. नको १८४. एकशे चौऱ्याऐंशी! हे १८४ जण कोण असतील याचा विचार करत आज ठाणे ते तुर्भे कसं आलो कळलं नाही. एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सुप्रभात नको’ म्हणणारेही इतके निघतील.

मृण्मयी_ऐरोली

@ट्रान्सहार्बर, त्या तीन लाख अडुसष्ट हजारांत एकही बाई नव्हती. बायकांना मताचा अधिकारच नव्हता. मग नॉर्वेच्या बायकांनी आपलं वेगळं निवेदन काढलं आणि सुमारे अडीच लाख सह्या गोळा केल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. चरईकरांच्या मुद्द्यात हे बसतं असं मला वाटतं.

भंडार्लीवाला

सगळे स्कॉटलंड, नॉर्वे, प्राग फिरून आलात. आता शीळ फाट्यावर या.

आमची १४ गावं, भंडार्ली, उत्तरशीव, गोटेघर, दहिसर वगैरे. आधी नवी मुंबई महापालिकेत होतो. कर वाढणार, जमिनीवर आरक्षणं पडणार म्हणून आंदोलन करून बाहेर पडलो. ग्रामपंचायती परत आल्या. लोकांनी गुलाल उधळला. मग रस्ते नाहीत, पाणी नाही, गोदामं मनाला येईल तशी वाढली. काही वर्षांनी त्याच गावांतून मागणी सुरू झाली, आम्हाला परत आत घ्या. आत घ्यायचं ठरलं तर नवी मुंबईतले नेते म्हणतात, यांच्या विकासाचा खर्च आमच्या करदात्यानं का सोसायचा? तिकडे कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचं आत-बाहेर चाललंय ते वेगळंच.

दोन्ही वेळेला मत कुणी घेतलं? सरकारनं अधिसूचना काढली, आणि संपलं. आता सांगा, समजा घेतलं असतं. मत कुणाचं? आमच्या गावातल्या चाळीत आणि नवीन इमारतीत भाड्यानं राहणारे आता मूळ गावकऱ्यांपेक्षा जास्त झालेत. ते म्हणणार महापालिका हवी, नळ हवा, बस हवी. आमचे म्हातारे म्हणणार जमीन वाचवा. चरईकर दादांच्या नियमानं भाडेकरू जिंकला, अप्पांच्या नियमानं म्हातारा जिंकला. दोघांचंही चुकीचं कसं म्हणू?

आणि एक. १९७० नंतर ठाणे-पनवेल-उरणच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या तेव्हा तिथे एकच माणूस राहत होता, भूमिपुत्र. म्हणजे दोन्ही नियमांनी तोच मतदार. त्यालाही विचारलं नाही. १९८४ ला उरणजवळ जासईला गोळीबारात पाच जण गेले तेव्हा कुठे प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं म्हणणं ऐकू आलं आणि गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मिळाली.

नौपाड्याचे_अप्पा

भंडार्लीवाला, या प्रतिसादाला दाद देतो.

चरईकर

+१. याच्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढंच सांगतो, कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांतात अगदी हेच घडलंय. ३० ऑक्टोबर १९९५, कॅनडापासून वेगळं व्हायचं का? नको ५०.५८ टक्के, हो ४९.४२ टक्के. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद ठरलेली मतं त्याहून जास्त. पराभवानंतर मुख्यमंत्री पारिझो यांनी त्याच रात्री भाषणात पैसा आणि ‘वांशिक मतं’ यांना दोष दिला. म्हणजे इटालियन, ग्रीक, हैतीहून आलेले, आपले पंजाबी-गुजराती. दुसऱ्या दिवशी त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. फ्रेंच बोलणाऱ्यांपैकी साठेक टक्के ‘हो’ होते. अप्पांचा नियम लावला असता तर आज क्यूबेकला स्वतंत्र वकिलात असती.

पण अप्पा, त्याच नियमाचं पुढचं टोक बघा. क्यूबेकच्या उत्तरेला क्री आदिवासींचा मुलुख आहे, जिथे जलविद्युत प्रकल्पांसाठी नद्या अडवल्या. त्यांनी आठवडाभर आधी स्वतःचं सार्वमत घेतलं. तुम्ही बाहेर पडलात तर आम्ही तुमच्याबरोबर येणार नाही, यावर ९६ टक्के. फ्रेंच तिथे चारशे वर्षांपूर्वी आलेले. मूळ मालक कोण मग?

संध्या_सीवूड्स

इतका वेळ गप्प होते, पण माझ्या माहेरचा विषय कुणी काढत नाहीये म्हणून लिहिते. सार्वमत म्हटलं की सगळे परदेशात धावता. आपल्या शेजारी झालंय. १६ जानेवारी १९६७, गोवा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं?

माझे वडील म्हापशाचे, तेव्हा विशीत. विलीनीकरणवाल्यांची खूण फूल, विरोधकांची दोन पानं. घरात वडील फुलाचे आणि काका दोन पानांचे, आजी कुणाची ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री, त्यांना विलीनीकरण हवं. पण सरकार त्यांच्याच हातात असताना मतदान निष्पक्ष होणार नाही म्हणून मतदानाआधी त्यांच्या सरकारनं राजीनामा दिला. निकाल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. फरक ३४,०२१. महाराष्ट्र हरला. आणि गंमत बघा, त्यानंतर काही महिन्यांत निवडणूक झाली तर गोव्यानं बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिलं! तुमचा प्रश्न अमान्य, तुम्ही मान्य.

आता चरईकरांचा मुद्दा. मुंबईत तेव्हा हजारो गोवेकर होते, माझगाव-धोबीतलाव भरलेला. विलीनीकरणाच्या विरोधकांची मागणी होती की बाहेरच्या गोवेकरांना मत द्या. मिळालं नाही. राहणारा तोच मतदार. म्हणजे स्कॉटलंडचा नियम आमच्याकडे सत्तेचाळीस वर्षं आधी वापरलाय.

कोर्टनाका

संध्याताई, उत्तम. एक खुलासा जरूर करतो, नाहीतर गोंधळ होईल. गोव्याचा प्रश्न भारतातून बाहेर पडण्याचा नव्हता. भारतात राहूनच कुठल्या खोलीत राहायचं, एवढाच होता. आपली घटना बाहेर पडण्याची वाट ठेवत नाही. दक्षिणेतल्या स्वतंत्र द्रविडनाडूच्या मागणीनंतर १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीनं उमेदवारालाही देशाच्या अखंडतेची शपथ घ्यावी लागते. आतल्या राज्यांच्या सीमा मात्र कलम ३ खाली संसद साध्या बहुमतानं बदलू शकते. राज्य विधानसभेचं मत मागवायचं, मानायचं बंधन नाही. तेलंगण २०१४ मध्ये आंध्र विधानसभेनं प्रस्ताव फेटाळल्यानंतरही झालं. म्हणजे देश अभंग, राज्यं भंगणारी. स्कॉटलंडचं नेमकं उलट आहे: सीमा तीनशे वर्षं जशीच्या तशी, देशच सुटेल की काय ही चर्चा.

संपादक

चर्चा छान चालली आहे. एक विनंती: काश्मीर, खलिस्तान हे विषय इथे आणू नयेत. त्यावर जुने धागे आहेत आणि ते का बंद केले हे सर्वांना माहीत आहे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

नौपाड्याचे_अप्पा

आता माझी पाळी. मी आठ-नऊ वर्षांचा होतो, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी. ठाण्याहून मोर्चाला जाणाऱ्या गाड्या आठवतात. १९५६ च्या जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन काय सांगितलं? शहर पाच वर्षं केंद्राकडे राहील, नंतर मुंबईचे लोक काय ते ठरवतील. ऐकायला किती लोकशाही! पण मुंबईत मराठी माणूस तेव्हा निम्म्याहून कमी होता. गिरण्यांत घाम आमचा, गोदीत पाठ आमची, आणि मतदान ‘राहणाऱ्यांचं’! आम्ही ते धुडकावलं. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. १०६ हुतात्मे झाले. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

चरईकर, तुमचा पत्त्याचा नियम तेव्हा लावला असता तर आज ठाण्याहून मुंबईला जाताना मुलुंडला राज्याची हद्द लागली असती. ज्या नियमानं आपलं राज्य झालंच नसतं तो नियम आपण दुसऱ्यांना शिकवायचा?

ट्रान्सहार्बर

अवांतर: इंग्लंड-स्कॉटलंडचा संघ अमलात आला तो दिवसही १ मे, सन १७०७. आपला सुट्टीचा दिवस त्यांचा लग्नाचा वाढदिवस.

आकडेमोड

अप्पांचा हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात वजनदार. चरईकर, आता सुटका नाही.

चरईकर

दोन दिवस विचार करून लिहितोय.

अप्पा, मुंबईत मत घ्यायचं म्हटलं तर ‘मुंबई’ ही मतदारसंघाची रेघ कुणी आखली, हा खरा प्रश्न होता. ती रेघ शहराभोवती आखली की एक उत्तर, ठाणे-कुलाबा जिल्हे धरून आखली की दुसरं, सगळ्या मराठी मुलखाभोवती आखली की तिसरं. तुमचं भांडण भाडेकरूच्या मताशी नव्हतंच. एका शहराला त्याच्या मुलखापासून सोडवून वेगळं मोजायला तुमचा विरोध होता. स्कॉटलंडमध्ये रेघेवर वाद नव्हता. सीमा जुनी, न्यायव्यवस्था वेगळी, शिक्षण वेगळं, चर्च वेगळं. १७०७ नंतरही हे सगळं शाबूत राहिलं. म्हणून तिथे फक्त रेघेच्या आत कोण एवढंच ठरवायचं होतं आणि तिथे मला पत्ता योग्य वाटतो, आजही. जिथे रेघच भांडणात आहे तिथे पत्त्याचा नियम म्हणजे रेघ आखणाऱ्याचा विजय. भंडार्लीवाल्यांच्या गावांचंही तेच. १४ गावांची मतं वेगळी मोजायची की सगळ्या शहराची एकत्र? एकत्र मोजली तर गावांचं मत समुद्रात थेंब.

मी माझं मत मागे घेत नाही. पण मुंबईला तो नियम लावू नये, हे मान्य.

भंडार्लीवाला

रेघेचं पटलं. आमच्याकडे रेघ आखायला येतो तो माणूस गाडीतून उतरत पण नाही.

नौपाड्याचे_अप्पा

हे बरंचसं पटतं. तरीही दोन वर्षांच्या पाहुण्याचं काय? निदान पाच वर्षं वास्तव्याची अट असती तर मी गप्प बसलो असतो.

चरईकर

तशी अट मलाही चालली असती. त्यात माझं मत गेलं असतं, हे धरूनच म्हणतोय.

मृण्मयी_ऐरोली

मग आता पुढे काय त्यांचं? ब्रेक्झिटनंतर पुन्हा मागणी झाली होती ना?

कोर्टनाका

झाली. जून २०१६ ला स्कॉटलंडनं ६२ टक्क्यांनी युरोपात राहायचं म्हटलं, बत्तीसच्या बत्तीस जिल्ह्यांत. तरीही बाहेर जावं लागलं. २०१४ ला ‘नको’वाल्यांचा मोठा मुद्दा हाच होता की वेगळे झालात तर युरोपातून बाहेर पडाल! मग स्कॉटलंड सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी दुसरं सार्वमत मागितलं. लंडननं नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ नोव्हेंबर २०२२ ला पाचही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय एडिंबराच्या संसदेला असं सार्वमत घेता येणार नाही.

चरईकरांसाठी आणखी एक: २०१४ ला एडिंबरातल्या पोलिश नागरिकाला मत होतं. २०१६ ला त्याच्याच युरोपचा प्रश्न होता आणि त्याला मत नव्हतं. त्याच इमारतीतल्या भारतीयाला दोन्ही वेळा होतं.

आकडेमोड

आणि त्याच युनायटेड किंगडममध्ये उत्तर आयर्लंडला कायद्यानंच दार ठेवलंय. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार बहुमत आयर्लंडशी एकीकरणाच्या बाजूनं दिसलं तर मंत्र्यानं सार्वमत घ्यायलाच हवं. म्हणजे आयर्लंडला लेखी वाट, स्कॉटलंडला लंडनची मर्जी.

नौपाड्याचे_अप्पा

आयर्लंडला ती वाट मिळायला तीस वर्षं आणि साडेतीन हजार माणसं लागली. जासईला पाच, आमच्याकडे १०६. स्कॉटलंडच्या लोकांनी आपल्या काळात एक दगडसुद्धा धड मारला नाही, म्हणून त्यांना पुन्हा विचारत नाहीत.

संध्या_सीवूड्स

अप्पा, एवढं सरसकट नको. गोव्यात कुणी मेलं नाही आणि तरी दिल्लीनं १९६६ ला खास एका मतदानापुरता कायदा केला. कारण १९६३ च्या निवडणुकीत दोन्ही मुख्य पक्ष याच एका प्रश्नावर उभे होते आणि दिल्लीला निकाल लावल्याशिवाय सुटका नव्हती. स्कॉटलंडलाही २०१४ असंच मिळालं. २०११ ला सॅमंड यांच्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं, जे त्या निवडणूक पद्धतीत सहसा मिळतच नाही. कॅमेरन यांना मग टाळता आलं नाही. त्यानंतर २०२१ ला एक जागा कमी पडली. दगड नाही, जागा कमी पडली.

नौपाड्याचे_अप्पा

एक जागा? हे मला माहीत नव्हतं. ६५ लागतात ना तिथे?

संध्या_सीवूड्स

हो, १२९ पैकी ६५. २०२१ ला ६४. ग्रीन पक्ष धरून स्वातंत्र्यवाद्यांचं बहुमत होतंच, पण लंडनला ‘नाही’ म्हणायला ती फट पुरली.